नवा रिमोट जोडायला जुना रिमोट लागतो

सेट-टॉप बॉक्सचा रिमोट बंद पडला की आपल्या घरांत एक ठरलेला विधी सुरू होतो. आधी तो तळहातावर दोनदा आपटायचा. मग मागचं झाकण काढून सेल अंगठ्यानं जागच्या जागी गोल फिरवायचे. मग सेलांची अदलाबदल. मग एसीच्या रिमोटमधले सेल काढून यात घालून बघायचे. एवढं करूनही लाल दिवा लागला नाही की घरातलं कुणीतरी जाहीर करतं, "गेला हा. नवा आणा."

इथवर तक्रारीला जागा नाही. रिमोट ही हातात खेळणारी वस्तू आहे. ती पडणार, चहात भिजणार, तिच्या बटणांचं रबर झिजणार. बॉक्स वर्षानुवर्षं टीव्हीखाली धूळ खात स्वस्थ बसतो, मार खातो तो रिमोट. अख्ख्या यंत्रणेत सगळ्यात आधी निकामी होणारा भाग हाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग ज्यांनी तो बनवला त्यांना ठाऊक नसेल का?

हा प्रश्न का विचारायचा, ते नवा रिमोट घरी आल्यावर कळतं. अलीकडच्या बऱ्याच बॉक्सचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. नुसते सेल घालून भागत नाही, आधी त्याची बॉक्सशी जोडणी करावी लागते, म्हणजे पेअरिंग. अँड्रॉइड टीव्हीवर चालणाऱ्या बॉक्सवर त्याचा राजमार्ग असा: सेटिंग्जमध्ये जा, 'रिमोट्स अँड अ‍ॅक्सेसरीज' उघडा, 'अ‍ॅड अ‍ॅक्सेसरी' निवडा, यादीत नव्या रिमोटचं नाव आलं की ओके दाबा. आता सेटिंग्जमध्ये जायचं कशानं? रिमोटनं. यादीत खाली-वर सरकायचं कशानं? रिमोटनं. ओके कशानं दाबायचं? रिमोटनं. म्हणजे नवा रिमोट जोडायला जुना रिमोट लागतो. आणि जुना चालू असता तर नवा आणला कशाला असता?

आडवाटा आहेत, नाही असं नाही. कुठल्या बॉक्सला दोन बटणं एकत्र दाबून धरावी लागतात, कुठल्याला नुसतं होमचं बटण दहा सेकंद. ती दोन बटणं कोणती, हे प्रत्येकाचं वेगळं. कुठे बॉक्सच्या पाठीमागे, वायरींच्या गुंत्यात, टाचणीच्या डोक्याएवढं बटण असतं. कुठे फोनवर अ‍ॅप उतरवून फोनलाच रिमोट करता येतं, पण त्यासाठी फोन आणि बॉक्स एकाच वायफायवर हवेत. वायफाय नवा असेल तर बॉक्सला त्याचा पासवर्ड सांगायचा कशानं? पुन्हा रिमोटनंच. कंपनीगणिक रीत वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची रीत वेगळी. आणि ती रीत सहसा ना रिमोटच्या पाठीवर छापलेली असते, ना बॉक्सच्या पोटावर.

याला नजरचूक म्हणायची माझी तयारी नाही. नजरचूक एकदा होते. जी वस्तू सगळ्यात आधी मोडणार हे माहीत आहे तीच बदलणं वर्षानुवर्षं आणि एकामागून एक मॉडेलात अवघड होत जात असेल, तर तो कुणाचा तरी निर्णय आहे. त्या निर्णयाची किंमत कंपनी मोजत नाही. ती घरातली म्हातारी माणसं मोजतात, आणि त्यांच्या पाठोपाठ तुम्ही, हा लेख फोनवर वाचणारे, मोजता.

अंगण खरंच वाकडं आहे

माझी आत्या कराडला एकटी राहते. वय ७४. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. विजेचं बिल स्वतः फोनवरून भरते, नातवंडांना व्हिडिओ कॉल स्वतः लावते. मागच्या पावसाळ्यात तिच्या बॉक्सचा रिमोट भिजून गेला. तिनं कंपनीकडूनच नवा मागवला. चार दिवसांनी आला. खोक्यात रिमोट, दोन सेल आणि इंग्रजीतली एक बारीक अक्षरांची चिठ्ठी. सेल घातले, बटणं दाबली, काही नाही.

मदत केंद्राला फोन लावला. भाषेसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, हे सगळं पार पडून माणूस आला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, स्क्रीनवर काय दिसतंय?" स्क्रीनवर बॉक्सचा चित्रपट्टा दिसत होता. "मग होमचं बटण दाबून सेटिंग्जमध्ये जा." आत्या म्हणाली, "अहो, रिमोट चालत नाही म्हणून तर फोन केलाय." शेवटी तंत्रज्ञ पाठवायचं ठरलं. भेटीचे पैसे वेगळे. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला, बॉक्स उलटा केला, मागचं बटण टाचणीनं दाबलं, रिमोटवरची दोन बटणं धरली, दिवा लुकलुकला, झालं. अर्धा मिनिटही लागला नाही. पैसे घेऊन गेला.

मला संध्याकाळी फोनवर हे सगळं सांगून ती शेवटी म्हणाली, "माझंच वय झालं रे आता. जमत नाही हे सगळं."

मला राग येतो तो या वाक्याचा. गणिताच्या शिक्षिकेला जे जमलं नाही ते अवघड नव्हतं, ते लपवलेलं होतं. लपवलेलं बटण सापडलं नाही तर ती बुद्धीची परीक्षा होत नाही. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण बहाणे सांगणाऱ्यासाठी वापरतो. इथे अंगण खरंच वाकडं आहे, आणि नाचणारीला मात्र वाटतंय की आपलेच पाय थकले. कंपनीचं याहून मोठं यश कोणतं? ग्राहकानं वैतागून कंपनीला शिव्या घालण्याऐवजी स्वतःलाच नालायक ठरवावं, आणि वर मुलाची माफी मागावी की "तुला त्रास दिला".

दृष्टी नसलेल्या माणसाचं काय होत असेल? जुन्या रिमोटवर ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. बोट तिथे टेकलं की सगळा आकडेपट हाताला कळतो. पडद्याकडे न बघता चॅनेल लावता येतं. जोडणीची सगळी रीतच पडद्यावरच्या यादीतून जाते तेव्हा त्या उंचवट्याचा काही उपयोग राहत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४३ सांगतं की सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला सरकारनं चालना द्यावी. टीव्ही ही याहून सार्वत्रिक अशी कोणती वस्तू असेल?

आता तुमच्याविषयी. सणाला गावी गेलात की पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय येतं? लाडूंच्या आधी रिमोट येतो. "हे बघ बरं जरा." तुम्ही फोन काढता, मॉडेल नंबर शोधता, कुणीतरी केलेला व्हिडिओ बघता, सोफ्यावर उलटं पडून बॉक्सच्या मागे हात घालता. तासाभरानं जमतं. तो तास कंपनीच्या खात्यातून गेलेला नसतो. तुम्ही त्या कंपनीचे बिनपगारी नोकर आहात, आणि तुमच्यासारखे लाखो आहेत म्हणूनच तिला ही रीत सुधारायची घाई नाही. वर आपण आईला म्हणतो, "किती वेळा सांगू तुला?" राग बरोबर असतो, फक्त पत्ता चुकतो.

ज्यांना ग्राहकाची काळजी होती

रिमोटचा इतिहास बघितला तर ही गोष्ट अशीच असायला हवी होती असं मुळीच दिसत नाही. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं १९५५ मध्ये 'फ्लॅश-मॅटिक' आणला. तो म्हणजे जवळपास एक टॉर्च होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांवर झोत मारायचा. खिडकीतून ऊन आलं की टीव्ही मनानं चॅनेल बदलायचा. म्हणून १९५६ मध्ये त्याच कंपनीतल्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी 'स्पेस कमांड' केला. त्यात सेलच नव्हते. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चार छोट्या कांड्या होत्या. बटण दाबलं की हातोडी कांडीवर आपटायची आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा आवाज निघायचा. प्रत्येक कांडीचा सूर वेगळा, प्रत्येक सुराचं काम वेगळं.

सेल का नव्हते? कारण कंपनीच्या विक्री विभागाचा सेलांना विरोध होता. सेल संपला की गिऱ्हाईकाला वाटेल टीव्हीच बिघडला, ही त्यांची भीती. पुन्हा वाचा. रिमोट मेला तर माणूस गोंधळेल, या एका काळजीपोटी त्यांनी सेलांशिवाय चालणारं यंत्र घडवून घेतलं. अर्थात त्यात धंद्याचा हिशेब होताच. पण गिऱ्हाईकाचा गोंधळ हा कंपनीचा दोष, असं त्या हिशेबात धरलेलं होतं. आज तो गिऱ्हाईकाच्या खात्यावर मांडला जातो.

पुढे अवरक्त किरणांचे रिमोट आले. आजही बहुतेक साध्या बॉक्सचे तसेच असतात. त्याची रचना अगदी सोपी आहे. टोकाशी एक छोटा एलईडी, तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतो, सहसा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकत. त्या लुकलुकीचे लांब-आखूड तुकडे म्हणजे त्या बटणाचा सांकेतिक आकडा. फोनचा कॅमेरा सुरू करून रिमोट त्याच्यासमोर दाबा, पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा जांभळट ठिपका चमकताना दिसतो. रिमोट मेला की सेल मेले, हे तपासायची हीच सगळ्यात स्वस्त रीत.

या रिमोटचा मोठेपणा असा की तो बॉक्सला ओळखत नाही आणि बॉक्स त्याला ओळखत नाही. बरोबर संकेत आला की काम होतं, पाठवणारा कुणीही असो. फिलिप्सचा आरसी-५, एनईसीचा संकेत, हे प्रकार जगभरच्या कारागिरांना पाठ आहेत. म्हणून १९८७ मध्ये अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक 'कोअर' नावाचा रिमोट काढू शकले, जो दुसऱ्या कुठल्याही रिमोटकडून त्याचे संकेत शिकून घ्यायचा. म्हणूनच तुमच्या डीटीएचच्या रिमोटला टीव्हीच्या रिमोटसमोर डोक्याला डोकं लावून ठेवलं की तो टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण शिकतो. शाओमीच्या अनेक फोनांवर वरच्या कडेला असा एलईडी असतो, त्यानं घरातला टीव्हीच काय, एसीही चालतो.

आणि म्हणूनच एक बाजार उभा राहिला. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. तिथे जुना रिमोट दाखवायचा. दुकानदार एक नजर टाकतो, छताला टांगलेल्या पिशव्यांमधून तसाच एक काढतो, सेल घालून देतो. शे-दीडशे रुपये. बाहेरून कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, पण आवाज वाढतो, चॅनेल बदलतं. आत्याला त्या गल्लीतला रिमोट चालला असता तर तिची आठवडाभराची पायपीट दहा मिनिटांत संपली असती. जोडणीवाल्या रिमोटनं हा बाजारही अडवला. तिथे आता ढिगातला कुठलाही रिमोट उचलून भागत नाही. त्याच बॉक्सशी बोलणारी ब्लूटूथची चिप हवी, शिवाय ती जोडायची रीतही माहीत हवी.

पण ब्लूटूथ चांगलंच आहे ना?

कंपनीची बाजू ऐकून घेऊ. ती पोकळ नाही. ब्लूटूथच्या रिमोटला बॉक्सवर नेम धरावा लागत नाही, बॉक्स टीव्हीमागे लपवला तरी चालतो. त्यातून बोलून शोधता येतं. अवरक्त किरणांना आवाजाचं ओझं पेलत नाही. आणि जोडणी हवीच, कारण रेडिओ लहरी भिंत ओलांडतात. जोडणी नसेल तर शेजारच्या काकूंनी मालिका लावली की तुमची मॅच जाईल. हे सगळं मान्य.

मग माझं भांडण कशाशी आहे? जोडणी या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे ओळख करून देणं: हा माझा रिमोट, याचं ऐक. दुसरा म्हणजे कुलूप लावणं: याच्याशिवाय कुणाचंच ऐकू नको, आणि किल्ली कुठे आहे ते मालकालाही सांगू नको. पहिल्याला माझी हरकत नाही. पहिल्याचं नाव सांगून दुसरं गळ्यात मारलं जातं, त्याला आहे.

ओळख सोपी ठेवणं अशक्य आहे का? मुळीच नाही. काही कंपन्यांच्या ब्लूटूथ रिमोटमध्ये अवरक्त एलईडीही असतो. जोडणी होईपर्यंत बाण आणि ओके त्यानं चालतात, त्यामुळे पडद्यावरच्या यादीपर्यंत तरी पोचता येतं. जे एकीला जमलं ते दुसरीला का जमू नये? खर्च एका एलईडीचा. जुन्या बॉक्सच्या तोंडावर पॉवर आणि चॅनेल पुढे-मागे करायची बटणं असायची, रिमोट हरवला तरी उठून बातम्या लावता यायच्या. अनेक नव्या बॉक्सचं तोंड गुळगुळीत आहे.

रिमोटवर जागा नाही म्हणाल, तर जागा बक्कळ आहे. नेटफ्लिक्सनं २०११ मध्ये रिमोटवर आपलं बटण आणलं, तेव्हापासून ती जागा जाहिरातीच्या फलकासारखी विकली जाते. एकेका रिमोटवर चार-चार ओटीटींची रंगीत बटणं असतात, आणि त्यांना जागा करून द्यायला आकड्यांची बटणं जातात. घरातल्या आजोबांना चॅनेलचे आकडे पाठ असतात, कुस्ती कुठे आणि कीर्तन कुठे. त्यांची तोंडपाठ वही त्या चार लोगोंनी पुसून टाकली. 'जोडणी' असं लिहिलेलं एक बटण मात्र त्याच रिमोटवर मावत नाही.

एक रिमोट कमी करायचा साधा उपायही वीसेक वर्षांपासून आहे. एचडीएमआय केबलमध्ये सीईसी नावाची सोय असते. तिच्यामुळे टीव्हीच्याच रिमोटनं बॉक्स चालू शकतो. पण सॅमसंगकडे तिचं नाव 'अ‍ॅनीनेट प्लस', एलजीकडे 'सिंपलिंक', सोनीकडे 'ब्राव्हिया सिंक'. एकाच सोयीला इतकी बारशी झाल्यावर ती आपल्या टीव्हीत आहे हे सामान्य माणसाला कळणार कसं? बॉक्सनंही ती साथ द्यावी लागते, आणि तिथे पुन्हा कंपनीची मर्जी.

बॉक्स आपण मागितला नव्हता

यावर हमखास येणारं उत्तर: नको असेल तर घेऊ नका. ते इथे लागू पडत नाही. आपल्याकडे बॉक्स कायद्यानं घरात आला. पूर्वी केबलवाल्याची वायर थेट टीव्हीत जायची, घरात एकच रिमोट असायचा. २०११ मध्ये केबल टेलिव्हिजन कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत ठरली, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३, आणि शेवटी खेडोपाडी ३१ मार्च २०१७. त्यानंतर केबल बघायची तर बॉक्स घेणं भाग. डिजिटल होण्याचे फायदे होते, त्यावर वाद नाही. पण सरकार एखादी वस्तू घराघरांत सक्तीनं नेतं तेव्हा तिचा मोडणारा भाग सहज बदलता यावा, हे बघणंही सरकारचं काम ठरतं.

नियम कागदावर होते. डीटीएचसाठी २००१ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतच खुल्या रचनेचा बॉक्स अपेक्षित होता, म्हणजे कंपनी बदलली तरी बॉक्स तोच राहावा. तसं झालं नाही. ११ एप्रिल २०२० रोजी ट्रायनं पुन्हा शिफारस केली की ग्राहकांना दिला जाणारा प्रत्येक बॉक्स अदलाबदलीजोगा असावा. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचं मानक काढलं, तशा टीव्हीवर मोफत चॅनेल बॉक्सशिवाय दिसू शकतात. तुमच्या घरी यातलं काय पोचलं? कंपनी बदलली की जुना बॉक्स आजही माळ्यावर जातो, त्याचा रिमोट लहान भावंडांच्या खेळण्यात.

दुसऱ्या देशानं काय केलं ते ऐका. अमेरिकी संसदेनं १९९२ मध्ये केबल ग्राहकांच्या रक्षणाचा कायदा केला, तोही राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांचा नकाराधिकार मोडून. त्यात रिमोटसाठी वेगळी तरतूद आहे. रिमोट भाड्यानं देणाऱ्या केबल कंपनीनं ग्राहकाला सांगितलं पाहिजे की तुम्ही तो बाहेरून कुठूनही विकत घेऊ शकता. आणि बाजारातला रिमोट चालू नये म्हणून कंपनीनं आपल्या बॉक्समध्ये काही खोट करायला बंदी. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या जन्माआधीची ही गोष्ट. तेव्हा एका देशाच्या संसदेला कळलं होतं की रिमोट ज्याच्या हातात, घरात सत्ता त्याची.

ही सत्ता आपल्यालाही चांगली कळते. १९९५ मध्ये राज्यात युतीचं सरकार आलं तेव्हा त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचं बाळासाहेब ठाकरे यांनी उघड सांगितलं, आणि तेव्हापासून हा शब्द मराठी राजकारणात मुरला. खुर्चीवर कोण आहे यापेक्षा रिमोट कुणाकडे आहे ते विचारायचं, हे महाराष्ट्राला शिकवावं लागत नाही. फक्त हाच प्रश्न आपण आपल्या बैठकीच्या खोलीत विचारत नाही.

'आम्ही तर फोनवरच बघतो'

तुमच्यातले अनेक म्हणतील, आम्ही टीव्ही बघतच नाही, हा बॉक्स मरणारच आहे, मग एवढं कशाला? बॉक्स मरेल, रीत मरणार नाही. ती तुमच्याकडे यायला निघालीही आहे. नव्या बीएलडीसी पंख्याचा वेग बऱ्याच घरांत रिमोटनंच बदलतो, भिंतीवरचा रेग्युलेटर गेला. प्रिंटर दुसऱ्या कंपनीचं शाईचं काडतूस नाकारतो. फोनचा अस्सल सुटा भागसुद्धा कंपनीच्या सॉफ्टवेअरनं 'ओळखला' नाही तर धड चालत नाही किंवा इशारे दाखवतो. याला इंग्रजीत नावही तेच आहे, पार्ट्स पेअरिंग. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून त्याला आळा घातला. युरोपीय संघानं डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना यूएसबी-सी सक्तीचं केलं, म्हणून आज मित्राचा चार्जर तुमच्या फोनला लागतो. त्याआधी कंपन्या सांगायच्या की एकच पिन केली तर प्रगती थांबेल. प्रगती कुठे थांबली?

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार गट घेतले. पाऊल चांगलं आहे. पण पोर्टलवर कंपनीनं माहिती देणं आणि कंपनीवर बंधन असणं यात सातारा-कराडएवढं तरी अंतर आहेच.

मागण्या फार मोठ्या नाहीत. बॉक्सवर समोरून दिसेल असं, 'जोडणी' लिहिलेलं बटण हवं. पॉवर, आवाज, चॅनेल, बाण आणि ओके, एवढी बटणं जोडणीशिवाय अवरक्त किरणांनी चालली पाहिजेत, आणि त्यांचे संकेत जाहीर असले पाहिजेत, म्हणजे तापकीर गल्लीतला माणूसही ते बनवू शकेल. जोडण्याची रीत रिमोटच्या पाठीवर, त्या राज्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत छापलेली असावी. बॉक्स जितकी वर्षं चालू ठेवला जातो तितकी वर्षं रिमोट वाजवी किमतीत मिळावा. आणि रिमोट जोडून द्यायला येणाऱ्या माणसाच्या भेटीचे पैसे ग्राहकाकडून घेऊ नयेत, कारण ती भेट कंपनीच्या रचनेमुळे लागते. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

तोवर तुम्ही काय करू शकता? पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा जुना रिमोट चालू असतानाच दुसरा आणून जोडून ठेवा. बॉक्सची जोडणीची रीत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि बॉक्सखाली चिकटवा. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये सीईसी शोधा, सापडलं तर सुरू करा. पण एवढ्यावर थांबलात तर तुम्ही पुन्हा बिनपगारी नोकरी केलीत असंच होईल. रिमोट जोडायला पैसे घेतले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. तक्रारीत लिहा की वस्तू बिघडली म्हणून मी तक्रार करत नाही, ती बदलण्याची रीत माझ्यापासून लपवली म्हणून करतो. अशा दहा तक्रारी गेल्या तर कुणी बघणार नाही. दहा हजार गेल्या तर कंपनीला छपाईची शाई परवडायला लागेल.

आणि घरात कुणी रिमोट हातात घेऊन "मला जमत नाही रे" म्हणालं, तर त्यांच्या हातातून तो पटकन काढून घेऊ नका. त्यांना सांगा की तुमचं काही चुकलेलं नाही. मग तक्रारीचा फोन त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच नावानं लावा.